जर्मनचा क्लास आणि आपली मराठी



आयोजकांनी आम्हाला विषय दिला होता 'परदेशी भाषा आणि करिअर'. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही तो जरा अरुंद करून मागितला. आज आपण एवढंच बघू, की कोल्हापुरातनं, आसपासच्या तालुक्यांतनं जर्मन शिकायला निघालेली पोरंपोरी नेमकी अडकतात कुठं. माइकसमोर एकच जण उभा आहे, तरी आम्ही 'आम्ही' म्हणणार. कारण हे सगळं आम्हा चौघांचं मिळून आहे. आमच्यातली एक नर्स, एक उद्यमनगरातला टर्नर, दोघं इंजिनिअर. चौघं एकाच क्लासला भेटलो, चौघंही पहिल्यांदा परीक्षेत आपटलो, आणि मग घरी एकत्र बसून शिकलो. आता संध्याकाळी दहाबारा जणांना शिकवतो.

आत्ताच हा विषय का, ते आधी सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबद्दल करार झाला. पहिल्या टप्प्यात १०,००० जणांची भाषा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारनं कुशल भारतीयांना वर्षाला द्यायच्या व्हिसांची मर्यादा २०,००० वरनं ९०,००० वर नेत असल्याचं जाहीर केलं. बातम्या आल्या, आणि गल्लोगल्ली फलक लागले. 'महिन्यात ए-१', 'चार महिन्यांत बी-२', 'गॅरंटीड'. ऊसबिल आल्यावर वडलांनी फी भरली आणि पोरगं सॅक अडकवून क्लासला निघालं, अशी घरं आज या सभागृहातही असतील.

त्यातल्या बऱ्याच पोरांचा सहा महिन्यांनी एकच निष्कर्ष असतो. "आपल्याला भाषेची गतीच नाही." आम्हीही तेच म्हणत होतो. आज आम्हाला सांगायचंय ते असं, की हा निष्कर्ष तपासून बघा. बहुतेक वेळा पोराची गती बरी असते, वर्ग चुकीचा असतो. आणि वर्ग चुकीचा असण्याचं एक मोठं कारण म्हणजे पोराला येणारी मराठी तिथं दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायला लावतात.

वर्गात काय होत होतं

आमच्या क्लासचं नाव सांगणार नाही, त्याची गरजही नाही. डेमो लेक्चर घ्यायला एक सर आले होते, फार छान बोलले. पैसे भरल्यावर ते परत दिसले नाहीत. बॅच चाळीस जणांची. शिकवायला आलेल्या ताईंनी स्वतः आदल्या वर्षी ए-२ दिली होती. त्यांच्यावर आमचा राग नाही. त्यांना तासावर पैसे मिळायचे, आणि तयारीला कुणी वेळ देत नव्हतं. त्या प्रामाणिक होत्या, पण वर्गापेक्षा दोनच धडे पुढं होत्या.

पहिल्या दिवशी फळ्यावर तक्ता आला. डेर, डी, डास. वर्ग हसला, कारण आपल्याकडे डास म्हणजे डास. दुसऱ्या दिवशी त्याच तक्त्याची दुसरी ओळ आली, डेन, डी, डास. तिसऱ्या दिवशी डेम, डेर, डेम. आठवडाभरात सोळा खणांचा तक्ता वहीत उतरला. तो कशासाठी, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. शिकवणं इंग्रजीतनं. "मॅस्क्युलाइन, फेमिनाइन, न्यूटर. न्यूटर म्हणजे नो जेंडर. जर्मनमध्ये असंच असतं, पाठ करा."

पुस्तक चांगलं होतं, अगदी जर्मनीत छापलेलं, अर्थात आमच्या हातात त्याची झेरॉक्स. ही पुस्तकं बघितलीत तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं जर्मनमध्ये असतं. दोघादोघांनी बोलायचं, रेकॉर्डिंग ऐकायचं, शेजाऱ्याला विचारून मोकळ्या जागा भरायच्या, अशी त्यांची रचना. आमच्या वर्गात ते पुस्तक 'भरून घेतलं' जायचं. ताई उत्तरं सांगायच्या, आम्ही लिहायचो. स्पीकर बिघडलेला, त्यामुळं रेकॉर्डिंग 'घरी ऐका'. व्हॉट्सअपच्या ग्रुपवर रोज पाचसहा पीडीएफ यायच्या. त्या उघडून बघायचा धीर दुसऱ्या आठवड्यातच सुटला.

घरी गेल्यावर एकाच्या वडलांनी विचारलं, "दोन महिने क्लास चाललाय न्हवं? मग बोल की चार शब्द." तो उभा राहिला आणि डेर-डेन-डेम म्हणून दाखवलं. वडील म्हणाले, "ह्ये पाढं झालं. बोलून दाखव." त्याला बोलता आलं नाही. वडलांनी शिक्षणशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण रोग त्यांनी एका वाक्यात ओळखला होता.

मग परीक्षा. ए-१ च्या परीक्षेत चार भाग असतात, ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं. चारींना सारखं वजन, एकूण १०० गुण, पास व्हायला ६०. बोलण्याच्या भागात सुरुवातीला स्वतःची ओळख करून द्यायची असते, आणि परीक्षक एखादा शब्द, बहुधा तुमचं नाव, अक्षर-अक्षर सुटं करून सांगायला लावतात. एखादा नंबर विचारतात, फोनचा वगैरे. समजा आडनाव पवार. इंग्रजी स्पेलिंगची अक्षरं जर्मनमध्ये म्हणायची, पे, आ, वे, आ, एर. आणि नावात इंग्रजी 'व्ही' असेल तर त्याला म्हणायचं फाउ. 'वाय' असेल तर इप्सिलोन. अर्ध्या तासात येण्यासारखी ही गोष्ट. सोळा खणांचा तक्ता पाठ असलेल्या आमच्या मैत्रिणीला स्वतःचं नाव सांगता आलं नाही, कारण तीन महिन्यांत तिनं ते एकदाही मोठ्यानं म्हटलं नव्हतं. रात्रीच्या गाडीनं ती पुण्याहून परत आली आणि चार दिवस कुणाशी बोलली नाही.

हिशेब मांडून बघू

कोल्हापूरकर हिशेबाला पक्के, म्हणून आकडेच घेऊ. जर्मन भाषेच्या परीक्षा घेणारी प्रमुख संस्था म्हणजे ग्योएथे इन्स्टिट्यूट, जी आपल्याकडे मॅक्सम्युलर भवन म्हणून ओळखतात. तिच्या सर्वसाधारण अंदाजानुसार बी-२ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. म्हणजे ४५० ते ६०० तास. घरचा अभ्यास वेगळा.

आता 'चार महिन्यांत बी-२' चा फलक घ्या. रोज दोन तास, महिन्याला २५ दिवस. चार महिन्यांचे झाले २०० तास. कमीत कमी ४५० लागतात तिथं २००. राहिलेले २५० तास कुठनं येणार? याच वेगानं ४५० तास व्हायला नऊ महिने लागतात आणि ६०० व्हायला वर्ष. ज्या नोकरीसाठी बी-२ लागते, आणि नर्सच्या कामाला तिथं बहुतेक ठिकाणी ती लागतेच, त्या नोकरीची तयारी ही मनापासून केली तर वर्षभराची गोष्ट आहे. हे पहिल्या दिवशी सांगितलं तर घरचे तसं नियोजन करतील. चार महिन्यांचं सांगितलं की पाचव्या महिन्यात पोरगं स्वतःला दोष द्यायला लागतं.

दुसरा हिशेब. वर्गात चाळीस जण. दोन तासांतली १०० मिनिटं शिक्षक बोलतात आणि फळा चालतो. उरली वीस मिनिटं. ती अगदी समान वाटली तरी प्रत्येकाला अर्धा मिनिट. महिन्याला साडेबारा मिनिटं बोलणं. पंचगंगेच्या घाटावर उभं राहून महिन्याला साडेबारा मिनिटं पाण्यात उतरलं तर पोहायला येईल का, तुम्हीच सांगा.

आता म्हणाल, चाळीसच्या वर्गात करणार काय? एकच करायचं. पुस्तकात सांगितलंय तसं दोघादोघांना बोलायला लावायचं. मग त्याच वीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. अर्ध्या मिनिटाची दहा मिनिटं, आणि त्यासाठी एक पैसा जास्त लागत नाही. वर्गात गोंगाट मात्र होतो. आपल्याकडे गोंगाट होणारा वर्ग म्हणजे बिघडलेला वर्ग अशी समजूत आहे.

ही पद्धत आली कुठून

ही तक्ता-पाठांतराची पद्धत काही कोल्हापुरातल्या क्लासवाल्यांनी काढलेली नाही. तिला व्याकरण-भाषांतर पद्धत म्हणतात. युरोपात लॅटिन आणि जुनी ग्रीक शिकवायला ती वापरायचे, आणि एकोणिसाव्या शतकात प्रशियातल्या, म्हणजे जर्मनांच्याच शाळांत ती पक्की झाली. नियम शिका, शब्द पाठ करा, वाक्यांचं भाषांतर करा. लॅटिन बोलायचीच नव्हती, ग्रंथ वाचायचे होते, त्यामुळं तिथं ती चालली. आपल्या आजोबांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी पक्की केली, तीही याच वाटेनं. त्यांना अर्ज लिहायचे होते, कायदा वाचायचा होता, त्यासाठी ती उपयोगी पडली. तिला नावं ठेवायचं कारण नाही.

पण जिवंत भाषा बोलायला शिकवताना ही पद्धत अपुरी पडते, हे खुद्द जर्मनीतच १८८२ साली विल्हेल्म फिएटर यांनी ठणकावून सांगितलं. भाषा शिकवण्याची पद्धत आता उलटी फिरवली पाहिजे, अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका त्यांनी टोपणनावानं काढली. त्याच सुमारास, १८७८ मध्ये, मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी अमेरिकेत अशी शाळा काढली होती, जिथं शिकायची तीच भाषा पहिल्या तासापासून बोलत. म्हणजे ज्या वादाचा निकाल त्यांच्याकडे शंभरावर वर्षांपूर्वी लागायला लागला, त्यातली हरलेली बाजू आपण अजून फी भरून घेतोय.

पण आमचं म्हणणं थोडं वेगळंही आहे. वर्गात फक्त जर्मनच बोला, मातृभाषा काढूच नका, हेही आम्हाला पटत नाही. कारण व्याकरण समजून घ्यायला आपल्याकडे एक असा आधार आहे, जो इंग्रजी बोलणाऱ्याकडे नाही.

मराठी कुठं कुठं हात देते

लिंगापासून सुरू करू. "जर्मनमध्ये तीन लिंगं असतात, विचित्र भाषा आहे," असं इंग्रज म्हणाला तर ठीक. आपण कसं म्हणायचं? आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. तो उंबरा, ती खिडकी, ते दार. खिडकी 'ती' का आणि दार 'ते' का, हे कुणी सांगू शकेल? नाही, आणि आपलं काही अडतही नाही. जर्मनमध्ये दार 'ती' आहे, डी ट्युर. खिडकी 'ते' आहे, डास फेन्स्टर. बरोबर उलटं. यातनं दोन गोष्टी कळतात. तीन खणांची सवय आपल्याला आहे, पण वस्तू आपल्याच खणात सापडेल असं नाही. म्हणून शब्द नुसता 'फेन्स्टर' असा पाठ करायचाच नाही, 'डास फेन्स्टर' असा जोडीनं करायचा. 'न्यूटर म्हणजे नो जेंडर' यापेक्षा 'डास म्हणजे आपलं ते' हे दोन सेकंदांत कळतं.

वर्गात नेहमीचा एक विनोद असतो, की जर्मनमध्ये मुलगीसुद्धा नपुंसकलिंगी, डास मेडशेन. अहो, मग आपलं ते पोरगं, ते लेकरू, ते वासरू, ते पिल्लू काय आहे? लहानग्याला 'ते' म्हणायची रीत आपल्याकडेही आहे. जर्मनमध्ये 'शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द 'डास' होतो, एवढाच तो नियम. प्रत्ययावरनं लिंग ओळखणंही आपल्या सवयीचं आहे. '-ता' आला की स्त्रीलिंग, सुंदरता, मानवता. '-त्व' आला की नपुंसक, नेतृत्व, कर्तृत्व. तसं जर्मनमध्ये शेवटी 'उंग', 'हाइट', 'काइट' हे प्रत्यय आले की 'डी'. एका दमात शेकडो शब्दांचं काम झालं.

आणि कोल्हापूरकरांना खास दिलासा. आपल्याकडे पोरीसुद्धा 'मी आलो' म्हणतात आणि पुण्याची माणसं हसतात. जर्मनमध्ये क्रियापदाला लिंगच नाही. पोरगा असो, पोरगी असो, 'इश कोम', मी येतो. तिथं आपल्याला कुणी हसणार नाही.

आता वाक्यरचना. 'कारण मी आजारी आहे' हे जर्मनमध्ये होतं 'वाइल इश क्रांक बिन'. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. शब्दाला शब्द, त्याच क्रमानं. आमच्या क्लासमध्ये या धड्याला तीन तास गेले. इंग्रजीतनं सांगावं लागलं, की गौण वाक्यात क्रियापद उचलून शेवटी टाका, असं का विचारू नका. मराठी माणसाला क्रियापद शेवटी टाकायला सांगणं म्हणजे माशाला पाणी दाखवणं. घरी आम्ही हे पहिल्यांदा शेजारी-शेजारी लिहून बघितलं, तेव्हा नर्स मैत्रीण म्हणाली, "आपले तीन तास परत द्या म्हणावं."

तिसरी गोष्ट, 'मला'. इंग्रज म्हणतो, मी थंड आहे. आपण म्हणतो, मला थंडी वाजते. जर्मन म्हणतो, 'मिर इस्ट काल्ट', मिर म्हणजे मला. मला चक्कर येतेय, 'मिर इस्ट श्विन्डलिश'. मला मळमळतंय, 'मिर इस्ट युबल'. मला हे आवडतं, 'डास गफेल्ट मिर'. जे अंगावर येतं, मनात येतं, तिथं कर्ता 'मी' न राहता 'मला' होतो, ही समज आपल्या भाषेत मुरलेली आहे. इंग्रजीच्या वाटेनं गेलं की ती हरवते. आणि मग पोरं 'इश बिन काल्ट' म्हणतात, ज्याचा अर्थ मी भावनाशून्य माणूस आहे असा काहीसा होतो.

चौथी, विशेषणं. विशेषणांचे शेवट बदलतात म्हणून जर्मन बदनाम आहे. पण आपण काय करतो? मोठा घोडा, मोठी गाय, मोठं वासरू. आणि 'ला', 'नं', 'चा' लागला की तिन्हीकडे मोठ्या. मोठ्या घोड्याला, मोठ्या गाईला, मोठ्या वासराला. जर्मनमध्येही डेम किंवा डेर लागून चतुर्थी झाली की तिन्ही लिंगांना शेवट एकच, 'ग्रोसन'. तत्त्व तेच, नाम विभक्तीत गेलं की विशेषण सगळ्यांसाठी एकच सामान्यरूप घेतं. ज्यानं सातवीला सामान्यरूप शिकलंय, त्याला हा धडा नवा नाही. फक्त कुणीतरी आठवण करून द्यायला हवी.

पाचवी, आकडे. एकवीस म्हणजे एक आणि वीस, पंचवीस म्हणजे पाच आणि वीस, पासष्ट म्हणजे पाच आणि साठ. एकक आधी, दशक नंतर. जर्मनही तसंच म्हणतो, 'आइन उंड त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी पद्धत आली, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. त्या वादात कुणाची बाजू बरोबर, ते सोडा. पण जो पोरगा लहानपणी एकवीस-बावीस म्हणत वाढला, त्याला इंग्रजी 'ट्वेन्टी वन' वरनं जर्मन आकडे शिकवणं म्हणजे हातातला घास मानेमागनं फिरवून तोंडात घालणं.

शेवटची, जोडशब्द. लांबलचक जर्मन शब्द बघून पोरं घाबरतात. क्रांकन-हाउस म्हणजे आजाऱ्यांचं घर, आपलं रुग्णालय. हांट-शू म्हणजे हाताचा बूट, आपला हातमोजा. आपण समास शिकलेली माणसं. शेवटच्या शब्दाचं लिंग ते सगळ्या शब्दाचं लिंग, हेही दोन्हीकडे सारखं. देव 'तो', पण देवघर 'ते', कारण घर 'ते'. तसंच डास हाउस, म्हणून डास क्रांकनहाउस.

मराठी कुठं फसवते

नुसतं गोडगोड सांगणार नाही. मराठी काही ठिकाणी चकवाही देते, आणि चांगला शिक्षक तिथंच जास्त वेळ थांबतो.

एक, आपला 'ला' दोन कामं करतो. 'मी त्याला बघितलं' आणि 'मी त्याला पुस्तक दिलं', दोन्हीकडे 'त्याला'. जर्मनमध्ये बघितलं तर 'ईन' आणि दिलं तर 'ईम'. इथं मराठीवर विसंबलं तर चूक होते. द्यायचं-घ्यायचं असेल तर ईम, अशी खूण करून घ्यावी लागते.

दोन, साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर हवं. 'आज मी पुण्याला जातो' हे आपल्या तोंडात 'हॉइट इश...' असं येतं. हवं असतं 'हॉइट फारं इश नाख पुणे', आज जातो मी पुण्याला. ही सवय डोळ्यांनी वाचून लागत नाही, शेपाचशे वाक्यं तोंडातनं गेली की लागते.

तीन, एकोणतीस आणि एकोणसाठ. आपण एक उणे म्हणतो, जर्मन सरळ नऊ-आणि-वीस, नऊ-आणि-पन्नास म्हणतो. फोन नंबर सांगताना आमच्यातले निम्मे इथंच घसरतात.

चार, उच्चार. जर्मन 'झेड' म्हणजे आपल्या चमच्यातला च. इंग्रजीमुळं आपण 'झ' म्हणतो, ते चूक. पण चकवा असा, की आपला हा च इ-ए च्या आधी येत नाही, चिमणीतला च वेगळा. त्यामुळं 'त्सिमर' म्हणजे खोली, हे म्हणताना जीभ चिमणीकडे पळते. आणि 'यु'सारखा तो स्वर आपल्याकडे नाहीच. जिभेनं 'ई' म्हणायचं आणि ओठ 'ऊ'चे करायचे. वर्गात सगळ्यांनी मिळून केलं की हसत-हसत जमतं, एकट्यानं पीडीएफ वाचून कधीच जमत नाही.

पैसे भरण्याआधी

आता कामाचं. क्लास लावायच्या आधी ऑफिसात बसून चार प्रश्न विचारा. पालक बरोबर असतील तर त्यांनी विचारावेत, लाजू नये.

पहिला, रोज शिकवणार कोण, आणि त्यांची स्वतःची पातळी काय? प्रमाणपत्र बघायला मागा. डेमोवाले सर आणि रोजचे सर एकच आहेत का, तेही विचारा. दुसरा, बी-२ पर्यंत एकूण तास किती? उत्तर दोनशेच्या आसपास आलं तर मघाचा हिशेब आठवा. तिसरा, चालू बॅचमध्ये अर्धा तास मागं बसून बघू द्याल का? बसलात तर एवढंच मोजा, की त्या अर्ध्या तासात किती विद्यार्थ्यांच्या तोंडातनं जर्मन वाक्य आलं. चौथा, पूर्ण फी एकदम, की पातळीनुसार? ए-१ चा निकाल हातात पडायच्या आधी बी-२ चे पैसे भरू नका.

आणि जे आधीच पैसे भरून अडकलेत त्यांनी काय करायचं? क्लास सोडा असं आम्ही म्हणत नाही. त्याच वर्गातले तिघंचौघं गोळा करा आणि रोज वीस मिनिटं फक्त बोला. नाव, गाव, काम, नंबर, काल काय केलं, उद्या काय करणार. चुकलं तर चुकलं. ऐकायला डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ अभ्यासक्रम आहे, ए-१ ते बी-१, फुकट. ग्योएथे इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका आहेत, ऐकायच्या रेकॉर्डिंगसकट, त्याही फुकट. परीक्षेची फी भरण्याआधी घड्याळ लावून एक सोडवा. ६० च्या खाली आलात तर तारीख पुढं ढकला, त्यात कमीपणा नाही. आणि जो धडा समजला नाही, त्याच्यातलं एक वाक्य मराठीत शेजारी लिहून बघा. कुठं जुळतं त्याखाली एक रेघ, कुठं फसवतं तिथं दुसऱ्या रंगाची. आम्ही चौघांनी एवढंच केलं.

ती नर्स मैत्रीण दुसऱ्या खेपेला ए-१ पास झाली, मग वर्षभरानं बी-१. आता बी-२ ची तयारी करते. परवा आमच्याकडच्या एका मुलीनं तिला विचारलं, "ताई, एवढं बोलायलाच कशाला पाहिजे? लेखी चांगलं आलं की भागतंय की." ती म्हणाली, "अगं, तू रात्रपाळीला असशील. म्हातारा पेशंट उठून बसेल आणि म्हणेल, मिर इस्ट श्विन्डलिश. त्याला चक्कर येतीय हे तुला त्या क्षणाला कळायला पाहिजे. तो पडायच्या आधी."

ती मुलगी त्या दिवसापासून तक्ता कमी आणि बडबड जास्त करते. घरी तिच्या आजीला काही कळत नाही, पण आजी ऐकून घेते.

आमचं संपलं. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि हो, इथं कुणी जर्मन शिकत असाल तर प्रश्न जर्मनमध्ये विचारा, चुकला तरी चालेल.